दुसऱ्यांदा म्हटलेलं

‘एक घाव तिखटाला, दुसरा घाव मिठाला, तिसरा घाव राखून ठेव गं, भाऊ येतोय भेटीला.’ हे दोड्डव्वा म्हणायची. दोड्डव्वा म्हणजे आईची थोरली बहीण, निंगव्वा. बाळीवेशीतल्या तिच्या खोलीत दुपारभर शेंगांची चटणी कुटणं चालायचं आणि पाच-सहा वर्षांचा बसवेश उखळाशेजारी पोत्यावर आडवा पडून, एक कान जमिनीला लावून ते ऐकायचा. वरच्या कानात तिचा आवाज आणि खालच्या कानात मुसळ. मुसळ खाली यायच्या जरासं आधी तिचा सूर निघायचा, मुसळ पडलं की तो मोडायचा नाही, नुसता वाकायचा, वाऱ्यानं ज्वारीचं ताट वाकावं तसा, आणि पुढच्या घावाला पुन्हा उभा राहायचा. मध्ये इतकी मोठी जागा असायची की त्या जागेत बसवेशला झोप लागून जायची. कधी कानडी, कधी मराठी, कधी एका ओळीत दोन्ही. तिच्या मांडीपलीकडे श्रीदेवी, तिची मुलगी, बसवेशपेक्षा पाच वर्षांनी धाकटी, अजून रांगणारी, तिखटाच्या वासानं शिंकायची आणि दोड्डव्वा गाण्यातच तिला ‘शंभर वरसं’ म्हणायची. तो आवाज बसवेशला आठवतो म्हणणं खरं नाही. तो त्याच्या अंगात होता. पण आज सकाळी अकरा वाजता तोच आवाज त्याला ऑफिसात चहाच्या कपामागून ऐकू आला, आणि तो हसला.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात बसवेश टॉवेलवरची नक्षी संगणकावर काढायचा. मागच्या शेडमध्ये माग धडधडत असायचे आणि पुढच्या काचेच्या खोलीत तो, परदेशी ऑर्डरींची पत्रं लिहिणारी ऋतुजा, आणि सुताचा साठा बघणारे रुद्रप्पा, ज्यांना निवृत्त व्हायला वर्षही उरलं नव्हतं. चहा आला की ऋतुजा मोबाइल उघडायची. आज तिनं तो बसवेशच्या नाकासमोर धरला. ‘सर, हे बघा की. लई भारी आहे.’ पडद्यावर कुठल्याशा हॉस्टेलातलं एक पोरगं होतं. त्याचा वडापाव गटारीत पडला होता, आणि ते गटारीच्या कडेला डोकं धरून बसलं होतं. आणि मागून एक बाई गात होती. ‘एळव्वा, एळ नन्न बंगारा.’ खालून दबक्या गिटारीचा काळा, जड दगडासारखा सूर, आणि त्यावर तो आवाज, वाकणारा, पुन्हा उभा राहणारा. ऋतुजा हसली. दाराशी उभा असलेला चहावाला हसला. आणि बसवेशही हसला, जरा मोठ्यानंच, कारण न हसणारा माणूस ओळखू येतो.

‘अय पोरी, बंद कर ते,’ रुद्रप्पा म्हणाले.

‘का ओ मामा? सगळेच टाकायलेत की हे. काल एकानं मॅच हरल्यावर टाकलेलं.’

‘ते गाणं न्हाय. रडणं हाय ते. आमच्यात मयताला बाया म्हणत्यात. पोरगी गेलीय तिची. ऊठ बाई, ऊठ माझं सोनं, म्हणतीय ती.’

ऋतुजाचा चेहरा उतरला. ‘अगं बाई. मला काय माहीत. आम्हाला कुठं कानडी कळतंय.’ तिनं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला, जसं काही त्या बाईकडे पाठ केली. मग हळूच म्हणाली, ‘कुठली असेल ओ ही?’

‘हितलीच कुटली तर. बोली हिकडचीच हाय. काय साहेब? तुमच्या घरातबी कानडी हाय की. तुमाला काय वाटतं?’

‘आवाज नीट ऐकू येत नाही,’ बसवेश म्हणाला. हा तो माणूस, ज्यानं तो आवाज आठ महिने हेडफोन लावून केसाकेसानं पारखला होता, ज्याला त्यातला एकेक श्वास कुठल्या सेकंदाला येतो ते ठाऊक होतं. त्यानं कप उचलला. कप रिकामा होता. तरी त्यानं तो ओठाला लावला आणि रिकाम्या कपातून एक घोट घेतला.

रुद्रप्पा साठ्याच्या खोलीत गेले. त्यांची पाठ दाराआड जाईपर्यंत बसवेश बघत राहिला आणि त्याला वाटलं, यांनी एका मिनिटात जे केलं ते आपल्याला चार वर्षांत जमलं नाही. एवढंच तर म्हणायचं होतं. हे गाणं नाही.

तो आवाज ज्या अल्बममधून कुणीतरी कापून घेतला होता, तो अल्बम त्यानं एकट्यानं केला होता. घरातल्या मागच्या खोलीच्या चारी भिंतींना त्यानं कारखान्यातले सेकंड निघालेले टॉवेल ठोकले होते, कुठं नक्षी सरकलेले, कुठं काठ तुटलेले, आणि दारावर दुहेरी चादर. आत बसलं की स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकू यायचा. तिथं तो गिटारीच्या तारा इतक्या उतरवायचा की त्या वाजण्याऐवजी लोंबायच्या, आणि मग एक सूर छेडून तो विझेपर्यंत थांबायचा. या संगीताला गॉथिक डूम-डेथ म्हणतात हे त्याला कॉलेजात असताना कळलं होतं. संथ, जड, मागं सरकणाऱ्या माणसांच्या पावलांनी चालणारं. त्यात एक गळा पोटाच्या तळातून घोगरा उठतो, माणसाचा न वाटणारा, आणि दुसरा, बहुधा बाईचा, त्याच्या वरून स्वच्छ वाहत जातो. अंधारातल्या विहिरीवरून घार जावी तसा. घोगरा गळा त्यानं कमावला होता. सुरुवातीला सराव करायला तो मागांच्या शेडमध्ये जायचा. तिथं शंभर माग एकदम चालत असताना माणूस कितीही ओरडला तरी शेजारच्या कामगाराला नुसतं त्याचं उघडं तोंड दिसतं. लोकांना वाटायचं साहेब जांभया देतोय. हे गुपित एकटीला, श्रीदेवीला, माहीत होतं. टॉवेलांच्या खोलीत येऊन ती पहिल्यांदा ते ऐकून गेली तेव्हा पोट धरून हसली होती. ‘बसूअण्णा, म्हैस विहिरीत पडलीय का रे? काढा की तिला कुणीतरी.’ आणि मग दारातनं परत येऊन, हसू पुसून, म्हणाली होती, ‘पण तो ढोल चांगला आहे. मधनं मधनं येतोय तो. आईच्या मुसळासारखा.’ तो ढोल त्या मुसळावरूनच घेतलाय हे बसवेशनं तिला सांगितलेलं नव्हतं. कुणालाच नव्हतं. दुसरा गळा मात्र त्याच्याकडे नव्हता. दोन वर्षं त्या जागा रिकाम्या पडून होत्या. तो नुसता ढोल आणि गिटार लावून ऐकायचा आणि जिथं ती बाई यायला हवी तिथं भिंतीवरचे टॉवेल बघत बसायचा.

श्रीदेवी गेली ती आठ दिवसांच्या तापानं. चोवीस वर्षांची होती. सकाळी नऊला तिला भिंतीशी खुर्चीत बसवलं होतं, त्यांच्यात मयताला बसवतातच, कपाळभर विभूती, गळ्यात हार, हनुवटीखालून पांढरी पट्टी. डोळे मिटून ती अशी बसली होती की कुणीतरी आत्ता तिला चिडवेल आणि ती हसू दाबायचं सोडून देईल. बायका भिंतीला धरून. पुरुष बोळात. आणि दोड्डव्वा लेकीच्या पायाशी. दोड्डव्वाचा गळा सगळ्या पेठेला माहीत होता, दुसऱ्यांच्या घरी मयत झालं तर तिला बोलावणं यायचं, ती जाऊन बसायची आणि तिनं सूर लावला की कोरड्या राहिलेल्या सुनासुद्धा फुटायच्या. त्या दिवशी तिच्याच घरात सगळे तिच्याकडे बघत होते. ती बराच वेळ नुसती लेकीची पावलं चोळत राहिली. मग उठली ती ओळ, एळव्वा, आणि पुढं जे आलं ते बसवेश मनात मराठीत ऐकत गेला, कारण कानडीत ते सोसवत नव्हतं. ऊठ गं बाई, ऊन आलं उंबऱ्याशी, केस विंचरायचे राहिले, फणी तुझ्या उशाशी. कुणी गं तुझ्या वेणीला इतकी घाई केली, अर्ध्या गुंफल्या फुलांची माळ तशीच राहिली. पहिल्या ओळीबरोबर बसवेशचा हात खिशाकडे गेला होता. हे कसं झालं ते त्याला आजही नीट सांगता येत नाही. हात गेला, अंगठ्यानं मोबाइलवरचा रेकॉर्डिंगचा लाल ठिपका दाबला, आणि मोबाइल शर्टाच्या खिशात उभा राहिला, तोंड वर करून. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते खरं होतं. आणि त्याच वेळी तो मोजत होता, हेही खरं होतं. किती अंतर आहे. पंखा बंद आहे. खोलीला घुमारा चांगला आहे.

ती सर्वांत वरच्या सुराला पोचली आणि बोळात टेम्पो मागं यायला लागला. मयत न्यायला फुलांनी सजवायचा टेम्पो. तो मागं घेतला की त्यातून ती एक भोंग्याची धून वाजते, सगळ्या टेम्पोंत वाजते ती, वाढदिवसाच्या खेळण्यासारखी पातळ, चिवचिवती. टिंग टिंग टिंग. कुणीतरी बाहेरून ‘येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे’ म्हणत होतं. दोड्डव्वाला ती धून ऐकूही गेली नसेल. ती तशीच त्या सुरावरून खाली उतरली आणि लेकीच्या गुडघ्यावर डोकं टेकून गप्प झाली. आणि बसवेशच्या मनात आलं, गेलं, वाया गेलं. तो उठला. बायकांच्या मधून वाट काढत गेला. दोड्डव्वाशेजारी बसला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, ‘दोड्डव्वा, ते परत म्हण की. एळव्वापासनं.’

खोली हेलावली. कुणीतरी मोठ्यानं हुंदका दिला. ‘बघा की पोराची माया,’ म्हणालं कुणी. दोड्डव्वानं वर पाहिलं, त्याच्या ओल्या गालांवरून तळवा फिरवला आणि विचारलं, ‘ऐकायचंय तुला?’ त्यानं मान हलवली. मग त्यानं खिशातला मोबाइल काढून विभूतीच्या ताटाशेजारी स्टुलावर ठेवला, सगळ्यांसमोर, वेळ बघितल्यासारखा. टेम्पो आता उभा होता, इंजिन बंद होतं. आणि ती पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. तेच ते, पण अगदी निर्मळ.

अल्बममध्ये आहे ते हे दुसऱ्यांदा म्हटलेलं. तिसऱ्या गाण्यात आठव्या मिनिटाला सगळं थांबतं, ढोल, गिटार, बसवेशचा घोगरा गळा, नुसता खोलीचा श्वास उरतो आणि त्यातून ती येते, मग तिच्याखाली गिटार दबकत परत उठते. फिनलंडमधल्या कुठल्याशा लहान कंपनीनं त्याच्या कॅसेट काढल्या, मुखपृष्ठावर भिंतीशी एक रिकामी खुर्ची. परीक्षणं आली. एकानं लिहिलं होतं की या स्त्रीच्या आवाजात अभिनयाचा एक कणही नाही, असं दुःख वाजवून घेता येत नाही. बसवेशनं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं होतं. वाजवून घेता येतं. हात धरून, परत म्हण की, असं म्हटलं की घेता येतं. कॅसेटच्या आतल्या कागदावर त्यानं लिहिलं होतं, स्त्रीस्वर, अनामिक. आणि पोलंडहून कुणीतरी प्रश्न पाठवले, ही बाई कोण, तिच्याशी बोलता येईल का, तेव्हा त्यानं थोडा विचार करून उत्तर टाइप केलं की ती सीमेवरच्या एका खेड्यातली म्हातारी होती, आता हयात नाही. पाठवलं आणि जेवायला बसला. ताटात दोड्डव्वानं दिलेली चटणी होती. दर महिन्याला ती पुडी पाठवायची. ज्या बाईला त्यानं नुकतंच एका ओळीत मारून टाकलं होतं तिच्या हातचं तिखट त्यानं भाकरीला लावलं, वर तेल घेतलं, आणि चांगलं लागलं त्याला ते.

चार वर्षं दोड्डव्वा त्या दिवसाची गोष्ट सांगत आली होती. लग्नात, बारशात, शेजारणीला, भाजीवालीला. ‘मी दगड झालते. ह्या पोरानं हात धरला आन् म्हणला, परत म्हण. लोक म्हणत्यात गप ऱ्हा, रडू नगंस. ह्यो एकटा म्हणला, रड.’ आणि बसवेश तिथंच बसलेला असायचा, मान खाली घालून, आणि लोकांना ती मान नम्रतेची वाटायची.

दुपारी दोनला तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाला. ऋतुजानं विचारलं, ‘बरं नाही का सर?’ तो हो म्हणाला. ऊन फुफाट्यासारखं तापलं होतं. त्याच्या डोक्यात एकच होतं, कुणाच्या तरी नातवंडाच्या मोबाइलमधून तो वडापाव आणि तो आवाज दोड्डव्वापर्यंत पोचायच्या आत आपण पोचायचं. तरी गाडी सरळ बाळीवेशीकडे जाईना. तो उगाच सात रस्त्याच्या चौकात आला. तिथं सिग्नलला थांबला, हिरवा झाला, मागून लोक ओरडले, ‘ओ पाव्हणं, झोपलाव का?’, आणि तो चौकाला वळसा घालून पुन्हा त्याच सिग्नलला येऊन थांबला. काय सांगायचं ते त्यानं जुळवून पाहिलं. दोड्डव्वा, मी तुझा आवाज रेकॉर्ड केला. हे सोपं होतं. दोड्डव्वा, तो जगभर गेलाय, लोकांना आवडलाय. हे तर जवळजवळ आनंदाचं होतं. दोड्डव्वा, काही लोक त्याच्यावर हसतायत. हेही सांगता आलं असतं, त्यात दोष हसणाऱ्यांचा होता. या सगळ्यांच्या खाली ते एक होतं. ते तोंडात आलं की त्याच्या जिभेला टेम्पोची ती धून लागायची. ती धून काढून टाकली तर उरायचं काय? एक पोरगा, मेलेल्या बहिणीच्या समोर, मावशीचा हात धरून. ज्या एका गोष्टीवर ती म्हातारी चार वर्षं टेकून बसली होती ती काढून घ्यायची आणि तिच्या हातात काय द्यायचं, टेम्पोचा भोंगा? न सांगणं हीच माया, असं त्याला तिसऱ्या वळशाला वाटलं आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की लबाडीला किती छान कपडे बसतात. अंगावरचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं गाडी वळवली.

दोड्डव्वा दारातच लसूण सोलत बसली होती. आता मुसळ उचलत नव्हतं, मिक्सर होता. ‘अगं बया, आज ह्या टायमाला? नोकरीवरनं काढलं का काय?’

‘न्हाय गं. आलो असंच.’

‘असंच कोण येतंय उन्हाचं. तोंड बघ की कसं झालंय, वांगं भाजल्यागत. बस. ताक देऊ का?’

त्यानं ताक घेतलं. तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि तिच्या परातीतला लसूण ओढून सोलायला लागला. लसणाकडे बघत त्यानं सांगायला सुरुवात केली. रेकॉर्ड केल्याचं. टॉवेलांच्या खोलीचं. कॅसेटचं. कागदावर नाव न घातल्याचं. ती हयात नाही असं लिहिल्याचंही सांगितलं. त्यावर ती हसली. ‘मला मारलास व्हय? आयुष्य वाढलं की मग माझं.’ मग त्यानं ऋतुजाच्या मोबाइलचं सांगितलं. वडापावचं. दोड्डव्वाचा हात थांबला. बोळातून कुणाची तरी सायकल गेली.

‘हसत्यात?’

‘हसतात. त्यांना कळत नाही काय आहे ते.’

‘तू हसलास का?’

‘हो.’

तिनं एक पाकळी उचलली, सोलली, परातीत टाकली. ‘लोक हसतीलच की. त्येंची कुटं मेलीय.’ मग म्हणाली, ‘मला ऐकव.’

‘नको, दोड्डव्वा.’

‘माझं रडणं समद्या दुनियेनं ऐकलं. मीच तेवडी ऱ्हायली. लाव.’

त्यानं लावलं. तिनं मोबाइल कानाला धरला, फोन आल्यासारखा, आणि डोळे मिटले. त्यातून त्याचा घोगरा गळा बाहेर झिरपत होता. ती दचकली. ‘ह्यो कोण वरडतोय?’

‘मी.’

‘तू? असं का रं? घसा दुकत आसंल की.’

‘दुखतो.’

‘मग?’ तिनं पुन्हा कान लावला. तो थांबला होता त्या आठव्या मिनिटाची वाट बघत, आणि ते आलं तेव्हा त्याला तिच्या कपाळावर ते दिसलं. ती भुवया उंचावून ऐकत होती. तोंड अर्धवट उघडं, हात हवेत, बोटं अगदी थोडी हलत होती. एकदा ती पुटपुटली, ‘हितं श्वास घेतला मी.’ गाणं संपलं तरी तिनं मोबाइल खाली ठेवला नाही. त्यात पुढचं गाणं सुरू झालं, बसवेशनं हात पुढं करून ते बंद केलं.

‘तू परत म्हण म्हणलास तवाचं हाय हे,’ ती म्हणाली.

‘व्हय.’

‘बरं केलास ठेवलंस. मी समद्यास्नी सांगती, ह्या पोराची माया...’

‘माया न्हवती ती.’ शब्द आले तेव्हा ते त्याच्या नेहमीच्या आवाजातही नव्हते आणि त्या कमावलेल्या गळ्यातही नव्हते, बारीक, पोरकट आले. ‘दोड्डव्वा, ऐक. तू पहिल्यांदा म्हणलीस तेव्हा पण मी रेकॉर्डच करत होतो. तू वरच्या सुराला होतीस आणि तेवढ्यात टेम्पो मागं आला. त्याचा तो हॉर्न वाजला. टिंग टिंग. ते सगळं त्यात आलं. खराब झालं. म्हणून मी तुझा हात धरला. तुला रडायला मिळावं म्हणून नाही. मला पुन्हा पाहिजे होतं, चांगलं, म्हणून. श्रीदेवीकडं माझं लक्षच नव्हतं तेव्हा. मी पंखा बंद आहे का बघत होतो.’

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं आता ती उठेल, आत जाईल, कडी लावेल. नाहीतर परात भिरकावेल. तेच बरं झालं असतं. तिच्या हातावर लसणाची पापुद्र्यासारखी साल चिकटली होती, ती तिनं दुसऱ्या हातानं काढायचा प्रयत्न केला, ती दुसऱ्या हाताला चिकटली. समोरच्या घरात कुणीतरी कुकर चढवला होता, त्याची शिट्टी झाली. दुसरी झाली. दोड्डव्वानं पदर तोंडाला लावला आणि मग काढला.

‘हॉर्न वाजला व्हता व्हय,’ ती म्हणाली. ‘मला न्हाय ऐकू आला.’

‘तुला कुठनं येणार.’

‘पैल्या बारीला मला काय बी ऐकू येत न्हवतं. मी काय म्हणतीय ते बी ठावं न्हवतं. तोंडातनं येत व्हतं, पोटात कळ येती तसं.’ ती थांबली. उंबऱ्याकडे बघत होती, त्याच्याकडे नाही. ‘तू इतकं सांगितलास. मी एक सांगू? चार वरसं झाली. देवाला सुदीक बोलली न्हाय मी.’

त्यानं परात बाजूला सरकवली.

‘लोकास्नी मी तुझी माया तुझी माया म्हणून सांगत सुटली, ते दुसरं काय निघू नये तोंडातनं म्हणून.’ तिचा आवाज आता इतका खाली आला होता की त्याला पुढं वाकावं लागलं. ‘दुसऱ्या बारीला मला रडू येत न्हवतं, बसू. समदं ध्येनात येत व्हतं. आता वर जायचं, आता थांबायचं, आता हळू सोडायचं. बाया ऐकत्यात ते दिसत व्हतं. आन् गळा असा लागला, असा लागला, की जल्मात कवा लागला न्हवता. वर गेला आन् न तुटता खाली आला. माझी पोर म्होरं बसलेली, पट्टी बांधून, डोळं मिटून. आन् मला लई बरं वाटलं रं.’